ग्रिडवरचा नारळ

तळवलीत कुठल्याही पानटपरीवर उभे राहा आणि नुसतं 'सुचिताची रेस' एवढं म्हणा. टपरीवाला पानाला चुना लावता लावता आवाज खाली आणेल आणि सांगेल, "करनी केली भाऊ तिच्यावर. नेरुलचा तो दिपेश. मंतरलेला नारल टाकला गारीत." रिक्षा स्टँडवर हाच नारळ काळ्या दोऱ्याने गुंडाळलेला असतो. बोनकोड्याला पोचेपर्यंत त्याला सुया टोचलेल्या असतात. आणि कोपरखैरण्याच्या मासळी बाजारात तर एका बाईने मला सुरमईवर हात ठेवून सांगितलं, की नारळ फोडला तेव्हा आतून पाणी नाही, रक्त आलं. "सोता व्हिडिओ बगितला मीनी!"

व्हिडिओ मीही पाहिलाय. त्यात गाडीचं दार उघडतं, नारळ बाहेर पडतो, एक माणूस उडी मारून मागे सरतो, आणि व्हिडिओ संपतो. रक्त नाही, सुया नाहीत.

तर आधी एवढं नीट करून घेऊ. नारळ होता. हळद-कुंकू लावलेला होता. भर शर्यतीत तो गाडीत होता आणि त्याने सुचिताची वर्षभराची मेहनत घालवली, हेही खरं. पण तो नेरुळहून आला नव्हता. तो तळवलीच्या गावदेवीपुढे ठेवून आणलेला होता, आणि गाडीत ठेवणारा हात सुचिताच्या सख्ख्या आत्याचा होता. येसूबाईचा.

येसूबाई साठी उलटलेली, अंगाने आडवी, चालताना डाव्या गुडघ्याला शिव्या देणारी. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी तळवलीला परतली आणि उभा जन्म तिने मासळी विकली. आवाज असा, की तिने 'ताजी कोलबी' म्हणून हाक दिली की रबाळ्याच्या कारखान्यांत जेवणाची सुट्टी झाली असं लोकांना वाटे. गुडघे गेले तेव्हा तिने टोपली सोडली. आवाज सोडला नाही. घरात भाऊ धनेश, त्याचे माल वाहणारे टेम्पो, आणि धनेशची मुलगी सुचिता. सुचिताची आई ती रांगत होती तेव्हाच वारली, त्यामुळे पोरीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं येसूबाईने केलं.

सुचिता गाडी शिकली ती रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, रविवारी, रस्ते रिकामे असताना, बापाच्या सगळ्यांत जुन्या टेम्पोवर. त्या टेम्पोच्या क्लचची केबल हटकून तुटायची. धनेश म्हणायचा, "केबल तुटली म्हनून माल थांबत नाय. इंजानाचं आयक. त्याचा सूर लागला की गिअर आपोआप परतो." पोरगी ऐकायला शिकली. पुढे तिला ऐरोलीत नोकरी लागली, तरी सुट्टीचा दिवस ती छोट्या उघड्या गाड्या पळवतात त्या कार्टिंगच्या ट्रॅकवर काढायची. तिथल्या एका चाचणीत ती निवडली गेली आणि एका टीमने तिला वर्षभराच्या चॅम्पियनशिपला उतरवायचं ठरवलं. धनेशने एकच अट घातली. "येसू जाईल संगती." येसूबाईने अट ऐकायच्या आधीच सुक्या बोंबलांची पिशवी बांधायला घेतली होती.

आता ही चॅम्पियनशिप काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. या स्पर्धेत सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या. एकाच कंपनीची, एकाच साच्यातली, बुटकी दोन दारांची स्पोर्ट्स कार. आतलं सगळं उचकटून एकच सीट आणि भोवती लोखंडी पिंजरा. इंजिनाला सील ठोकलेलं. टायर एकाच लॉटमधले. तेवढ्यावरही कोणाला संशय नको म्हणून गाड्या टीमकडे देतच नाहीत; प्रत्येक फेरीआधी चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला जो नंबर निघेल ती त्याची गाडी. वर्षात चार फेऱ्या, दोन कोइमतूरला, दोन चेन्नईला. सगळ्या गुणांची बेरीज करून जो पहिला, त्याला पुढच्या वर्षी वरच्या वर्गात मोठ्या गाडीची सीट, खर्च सगळा त्यांचा. दुसऱ्याला टाळ्या.

टीमचा मॅनेजर आकाश म्हणून पुण्याचा माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी येसूबाईला हे सगळं शांतपणे समजावलं. शांतपणा हा त्याचा गुण. तो 'आग लागली' हे वाक्यसुद्धा 'आपण जरा बाहेर जाऊया का' असं म्हणाला असता.

"म्हंजे गारी येक," येसूबाईने एकेक बोट दुमडलं, "इंजान येक, टायर येक. मंग पयला कोन येतो?"

"ज्याचा ड्रायव्हर चांगला तो, आत्या."

"डायवर त समद्याच गाऱ्यांत बसलेत. रिकामी गारी कोन पलवतो?"

"नाही, म्हणजे स्किल..."

"समजलं मना. ज्याच्या पाठी देवी, तो पयला."

आकाशने मान डोलावली. वाद टाळायला माणसं डोलावतात तशी. ती मान त्याला वर्षभर महाग पडली.

कोइमतूरच्या पहिल्या फेरीत सुचिताला नऊ नंबरची गाडी निघाली. येसूबाईने कोणाचं लक्ष नसताना बॉनेटच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं, पुटपुटली, आणि नवखी सुचिता कोणाच्या ध्यानीमनी नसताना दुसरी आली. येसूबाई खुर्चीवर मागे रेलून बसली. तिच्या मते कोडं सुटलं होतं.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या पुन्हा पडल्या आणि नऊ नंबर गेला दिपेशकडे.

हा दिपेश नेरुळच्या उंच टॉवरमधला, पण मूळचा कोळ्यांचाच पोर. नम्र इतका, की दुसऱ्या टीमचा असून रोज येसूबाईच्या पाया पडायचा आणि जाता जाता विचारायचा, "आत्या, बोंबील उरलेत?" अशा पोरावर रागवायचं तरी कसं? त्या फेरीत तो नऊ नंबरच्या गाडीतून पहिला आला, सुचिता पाचवी.

"माजी देवी नेरुलला गेली गो," येसूबाई रात्री भाताचा घास हातात धरून म्हणाली.

"आत्ये, मी टायर लवकर तापवले. चूक माजी हाय."

"तू जेव."

तिसरी फेरी चेन्नईला. नऊ नंबर पुन्हा सुचिताला, आणि सुचिता जिंकली. बाजूच्या गाडीला कुठे घासू न देता, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून स्वच्छ जिंकली. टीममधल्या सगळ्यांनी तिला उचललं. येसूबाईने मात्र आधी नऊ नंबरच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. कुंकू कधीच पुसलं गेलं होतं. तिच्या लेखी ते पुसलं नव्हतं.

अशी चौथी फेरी आली. हिशेब लहान पोराला कळेल इतका सोपा झाला होता: सुचिता आणि दिपेश दोघंच उरले होते, आणि या एका शर्यतीत दोघांतला जो पुढे, तो चॅम्पियन. मोठ्या गाडीची सीट एकालाच. टीमचे पैसे एका वर्षापुरते होते, पुढचं कोणी कबूल केलं नव्हतं. सुचिता दोन दिवस नीट जेवली नव्हती. बोटांनी टेबलावर गिअर बदलत बसायची.

चिठ्ठ्यांचं पातेलं मध्ये ठेवलं. सुचिताने हात घातला. दोन नंबर.

मग दिपेशने.

"नाईन," पुकारणारा म्हणाला.

येसूबाईने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. सुचिताने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आत्ये. सगल्या गाऱ्या सारक्याच हायेत."

"व्हय व्हय. मी कुटं काय बोलली?"

तिच्या पिशवीत तळाशी, हिरव्या खणात गुंडाळलेला, गावदेवीचा नारळ होता. आणला होता जिंकल्यावर फोडायला. पण आता जिंकणार कशी? तपासणी झालेल्या गाडीला बाहेरची कुठलीही वस्तू लावायची नाही, हे तिला मागच्याच फेरीत बजावलं होतं. वस्तू लावायची नाही. येसूबाई विचार करत राहिली. लावायची नाही.

शर्यतीआधी गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या करतात, त्याला ग्रिड म्हणतात. चेन्नईचं ऊन म्हणजे तव्यावरचं ऊन, म्हणून गाडीत बांधून बसवलेल्या ड्रायव्हरवर कोणीतरी छत्री धरतं. सुचिताची छत्री पहिल्या फेरीपासून येसूबाईची. पुढे दिपेश उभा, मागे सुचिता. दिपेश गाडीत बसायच्या आधी धावत आला आणि वाकला. "आत्या, आशीर्वाद."

"सावकास पलव," येसूबाईने मनापासून आशीर्वाद दिला.

मग ती सुचिताच्या दारात छत्री घेऊन वाकली. छत्री एवढी खाली आली की टीमच्या लोकांना आत्याची पाठच दिसत होती. सीटच्या मागे आग विझवायचा लाल सिलिंडर बसवलेला असतो; तो आणि सीट यांच्यात एक खाच होती. नारळ खणासकट तिथे घट्ट बसला. येसूबाईने दोनदा दाबून पाहिलं. हेल्मेट आणि मानेच्या पट्ट्यांमुळे सुचिताला मान वळवता येत नव्हती.

"काय करतेस गो मागं?"

"घाम पुसतंय तुजा."

"घाम पुढं आलाय."

"मंग पुढं पुसते."

छत्र्या हटल्या. लोक पळत बाहेर आले. लाल दिवे लागले, विझले, आणि सगळ्या गाड्या एकदम ओरडल्या.

येसूबाई ट्रॅकच्या कडेला, टीमची माणसं उभी राहतात त्या पिटच्या भिंतीलगत आपल्या घडीच्या खुर्चीवर बसली. कानाला हेडफोन. हा हेडफोन तिला राजलक्ष्मीने मिळवून दिला होता. राजलक्ष्मी म्हणजे रेडिओवरून सुचिताशी बोलणारी इंजिनिअर. घरची तमिळ, वाढलेली वाशीत, मराठी आमच्यापेक्षा जोरात बोलणारी. अट एकच होती: "आत्या, फक्त ऐकायचं. बटन दाबायचं नाय. तुमचा आवाज गेला तर ती कुठेपन ब्रेक मारेल."

पहिले लॅप बरे गेले. दिपेश पुढे, सुचिता त्याच्या शेपटीला. बाकीच्या गाड्या मागे मागे पडत गेल्या. दर लॅपला दोघं समोरून झूम करून जायचे आणि येसूबाईची मान डावीकडून उजवीकडे फिरायची. तिला मधूनमधून हसू येत होतं. नारळ आपला, खाच आपली, देवी आपली. आता बघू नऊ नंबर काय करतो.

मग एका वळणावर सुचिताने दिपेशच्या आतल्या बाजूने घुसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डावी चाकं वळणाच्या कडेच्या उंच पट्ट्यावर आदळली, गाडी टणकन उडाली आणि परत रस्त्यावर आली. राजलक्ष्मीने दातांतून श्वास ओढला. "ओके. ओके. गाडी ठीक आहे?"

"ठीक आहे," रेडिओवर सुचिता. थोडा वेळ नुसतं इंजिन. मग: "पायाशी काहीतरी आलंय."

"काय आलंय? पार्ट तुटला का?"

"माहीत नाही. गोल आहे. ब्रेक मारला की पुढे येतंय."

येसूबाईची मान फिरायची थांबली. गोल तर खूप काही असतं. बाटली गोल असते. नट गोल असतो. गाडीत हजार वस्तू. तिने डोळे मिटले आणि गावदेवीला म्हटलं, बाटली असू दे.

आकाश भिंतीवरून वाकून म्हणाला, "तिला विचार, ब्रेक पूर्ण लागतोय का."

"ब्रेक पूर्ण लागतोय का?"

"आत्ता लागला. मागच्या वळणाला अर्धाच गेला, मधे अडकलं ते. पायाने ढकललं. आणि एक मिनिट. हिरवं कापड आहे याला."

खण. काठाला पिवळी रेघ असलेला.

येसूबाईने हेडफोन कानांवर दाबून धरला. समोर सरळ रस्त्यावरून सुचिता आली तशी गेली, आणि त्या रस्त्याच्या टोकाला एक वळण होतं जिथे सगळे प्रचंड वेगात येऊन जीव खाऊन ब्रेक मारायचे. तिथे पेडल खाली गेलंच नाही तर? बोलावं तर गाडी आत बोलावतील. आत आली की चॅम्पियनशिप संपली, सीट गेली, आणि ती घालवणारी आत्या. न बोलावं तर...

तेवढ्यात सुचिताची गाडी वळणातून सुखरूप बाहेर पडलेली पडद्यावर दिसली. एक वळण झालं. अजून किती तरी उरली होती.

तिने राजलक्ष्मीचं मनगट धरलं. मासळीवालीची पकड, राजलक्ष्मीचं पेन खाली पडलं.

"मीनी ठेवला."

"काय?"

"नारल. सीटीच्या मागं. देवीचा."

आकाश वळला. पहिल्यांदाच त्याचा आवाज वर गेला. "काय ठेवलंत?" आणि मग पुन्हा एकदा, कारण त्याला पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं असं त्याला वाटलं, "काय ठेवलंत आत्या?"

"नारल, रं बाबा, नारल! बोलव तिला भायेर!"

आकाशने एक क्षण डोळ्यांवर हात ठेवला. आत बोलावायचं म्हणजे शेवटचा नंबर. न बोलावायचं म्हणजे पोरगी त्या सरळ रस्त्याच्या टोकाला. "बॉक्स," तो म्हणाला. "तिला आत घे."

राजलक्ष्मीने बटन दाबलं, पण बोलली येसूबाई. हेडफोनचा माइक ओढून, बाजारातल्या आवाजात, "गो सुचिता! माजा नारल हाय तो! गारी आत आन! मना नको तुजी ट्रॉफी!"

रेडिओवर नुसता खरखराट. आणि मग सुचिताचा आवाज आला, एकदम घरातला, चुलीपाशी बसून विचारल्यासारखा.

"सोललेला की सालासकट?"

"आं?"

"आत्ये, लवकर. सोललेला हाय की सालासकट?"

"सोललेला. शेंडी ठेवलीय."

"बरं."

यानंतर काय झालं ते तिने नंतर सांगितलं. तिने नारळ डाव्या पायाने शेंडीच्या बाजूने दाबून गाडीच्या कडेच्या पत्र्याला चिकटवला आणि पाय तिथेच रोवून ठेवला. नारळ गप्प झाला. पण डावा पाय क्लचचा. आता क्लच नाही.

"क्लच न मारता चालवणार?" राजलक्ष्मी ओरडली. "गिअरबॉक्स फाटेल!"

"पप्पांचा टेम्पो," सुचिता म्हणाली आणि रेडिओ बंद झाला.

आकाशला काही कळलं नाही. येसूबाईला कळलं. तिला रबाळ्याचे रिकामे रस्ते दिसले, तुटलेली केबल, आणि धनेशची टेम्पोच्या टपावर पडणारी थाप: आयक, आयक, आता. ती खुर्चीवरून उठून भिंतीला धरून उभी राहिली. दुखरा गुडघा कुठे होता तिला माहीत नव्हतं. गाडी जवळ आली की ती इंजिनाचा आवाज ऐकायची. आवाज चढायचा, जराशी उसासल्यासारखी खाच पडायची, आणि पुढचा गिअर पडायचा. प्रत्येक खाचेला येसूबाईची थाप भिंतीवर पडायची. एकदा नुसताच करकर आवाज आला, दातावर वाळू घासल्यासारखा, आणि आकाश खाली बसला. गिअर पडला. दिपेश गाडीभर पुढे गेला. सुचिताने पुढच्या वळणात त्याला गाठला. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा ते टोकाचं वळण, पुन्हा ब्रेक. लागला.

शेवटच्या लॅपला दिपेशच्या मागच्या टायरांनी हात टेकले. वळणात त्याची गाडी जराशी रुंद गेली, एवढीच, की आत एक गाडी मावेल. सुचिता मावली. दोघं एकमेकांना चिकटून शेवटच्या रेषेवर आले आणि काळा-पांढरा झेंडा पडला तेव्हा दोन नंबर नऊ नंबरच्या अर्धी गाडी पुढे होता.

सगळे नाचले. राजलक्ष्मीने येसूबाईच्या गालाचा मुका घेतला. येसूबाई नाचली नाही. तिला नारळ अजून गाडीत दिसत होता.

शर्यत संपली की गाड्या एका कुंपणात उभ्या करतात आणि तपासणी होईपर्यंत टीमपैकी कोणी हात लावायचा नसतो. तपासनीस आला. सुचिता बाहेर पडली, डावा पाय लंगडत. मागोमाग दारातून नारळ बाहेर आला, हिरवा खण अर्धा सुटलेला, हळद-कुंकवाने माखलेला, आणि तपासनिसाच्या बुटावर पडला. तो किंचाळून मागे उडाला. हाच तो व्हिडिओ.

पंचांच्या खोलीत टेबलावर नारळ ठेवला होता. पलीकडे पांढऱ्या मिशांचे एक वयस्क पंच, अलीकडे आकाश, राजलक्ष्मी, सुचिता आणि दाराशी येसूबाई. दुसऱ्या बाजूला दिपेश आणि त्याचा मॅनेजर.

"व्हॉट इज धिस?" पंचांनी विचारलं. "हू पुट इट देअर?"

आकाशने येसूबाईकडे पाहिलंही नाही. "आय डोन्ट नो, सर," तो म्हणाला, अगदी शांत. "नोबडी फ्रॉम अवर टीम. समबडी मस्ट हॅव..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं. सोडलेलं वाक्य खोलीत फिरलं आणि सगळ्यांच्या नजरा घेऊन दिपेशपाशी जाऊन बसलं.

दिपेश लाल झाला. "मी? सर, मी कशाला?"

येसूबाईला इंग्रजी येत नव्हतं. नजरा वाचता येत होत्या. तिने राजलक्ष्मीला कुजबुजत विचारलं, "काय बोलला तो?" राजलक्ष्मीने सांगितलं. आणि हेही सांगितलं, खाली बघत: दुसऱ्याने ठेवला असेल तर सुचिताची चूक नाही. चॅम्पियन सुचिताच.

येसूबाईला फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात तिने जे कधी केलं नव्हतं तेवढंच. तिने सुचिताकडे पाहिलं. सुचिता टेबलाकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, केस घामाने चिकटलेले. तिच्या चेहऱ्यावर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मग येसूबाईने दिपेशकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. आत्या, तुम्हालाही असंच वाटतं का, अशा नजरेने.

ती पुढे आली आणि टेबलावरचा नारळ उचलून पदरात घेतला.

"मीनी ठेवला," ती म्हणाली. "ह्या पोराचा नाय. माजा हाय. छत्रीआड ठेवला. राजलक्ष्मी, सांग त्यांना. समदं सांग, मधलं काय गालू नको."

राजलक्ष्मीने सांगितलं. पंचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियम होता. गाडीत सुटी वस्तू म्हणजे धोका, आणि जबाबदारी टीमची. सुचिताच्या वेळेत काही सेकंदांचा दंड मिळवला गेला. अर्ध्या गाडीच्या फरकाला तेवढे सेकंद पुरून उरले. दिपेश चॅम्पियन. मोठ्या गाडीची सीट दिपेशला.

बाहेर तो येसूबाईपाशी आला. त्याला काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून सवयीने वाकला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता पलव," ती म्हणाली. "जोरात."

संध्याकाळी विमानतळावर दोघी शेजारी बसल्या, मध्ये बोंबलांची पिशवी. येसूबाईने तीन वेळा पिशवीची गाठ सोडली आणि बांधली. शेवटी सुचिताच म्हणाली, "तू गप बसली असतीस ना, त मी बोलली असते. मीच सांगितलं असतं त्यांना. पन मंग तुज्याशी जन्मात बोलली नसते."

येसूबाईने पदर तोंडाला लावला.

"आनि पुढच्या वर्षी छत्री तूच धर," सुचिता म्हणाली. "आकाश सर बोलले, छोटी गारी परत देतील, बगू जमवतो. पन हात दिसला पायजे मना. दोनी."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण व्हिडिओ त्यांच्या आधी तळवलीला पोचला होता. नारळ, कुंकू, हरलेली पोर. गावाने एका दिवसात बाकीचं स्वतः जुळवलं आणि दिपेशवर शिक्का मारला. बायका येऊन येसूबाईचे हात धरून रडायच्या. "तुमच्या पोरीवर केली वो कोनी..." आणि येसूबाई, जी पंचांपुढे बोलली होती, ती आपल्या ओट्यावर बसून नुसती मान हलवायची. परक्या मुलखात कबूल करणं वेगळं. इथे प्रत्येक दारात तिची भावजय, भाची, चुलती.

मग सुचिता एक दिवस ऑफिसातून आली ती बातमी घेऊन. नेरुळच्या बाजारात दिपेशच्या आईला मासळीवाल्या ताजी मासळी देईनात. पाटीवर ताजी असूनही बर्फातली काढून द्यायच्या. करणीवालीच्या घरात ताजं कशाला.

येसूबाई उठून उभी राहिली. चोर म्हटलेलं तिने ऐकून घेतलं असतं, पण शिळी मासळी?

"मी नेरुलला जातंय," ती म्हणाली. "बाजारात. समद्यांसमोर सांगतंय."

मी तिथेच होतो. मी तिच्या चुलत भावाचा मुलगा, घरातला नकलाकार, आणि माझी सगळ्यांत हुकमी नक्कल म्हणजे येसूआत्या. 'रिकामी गारी कोन पलवतो?' या एका वाक्यावर मी लग्नाच्या हळदी गाजवल्यात. मी हसलो. म्हटलं, आत्ये, बाजारात? त्या सगळ्या तुझ्या ओळखीच्या बायका. तू तिथे कोलंबीचा भाव विचारून परत येशील.

"लाव पैज," ती म्हणाली. "मी बोलली त तू माजी नक्कल बंद करशील. वरीसभर. येक सबुद नाय."

"लावली."

ती गेली. मीही मागे गेलो, जिंकायलाच. मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि कोलंबीच्या त्याच जुन्या हाकेत तिने सगळं सांगितलं: देवी, नऊ नंबर, छत्री, खाच, खण. एकही गोष्ट आपल्या बाजूने वळवली नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "येसू, तू भुललीस का काय गो?" आणि हशा पिकला, तिच्यावर, आणि ती तो हशा संपेपर्यंत हलली नाही. निघताना तिने पाटीतली सगळ्यांत ताजी पापलेटं निवडली आणि दिपेशच्या घरी पोचवायला लावली.

नेरुळात अफवा थांबली. तळवलीत अजून चालूच आहे, कारण गावाला खरं लवकर पचत नाही. लोक मला विचारतात, तू तर होतास, सांग की, येसूआत्या कशा बोलल्या. आणि पैजेचं वर्ष अजून सरलेलं नाही, म्हणून मला त्यांच्यासमोर तोंड उघडता येत नाही. तिचा आवाज घशापर्यंत येतो, ओट्यावरून आत्या एक बोट वर करते, आणि मी गिळून टाकतो.

लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.